सासूबाईंचं अर्थिंग

रविवारी सकाळी मी भंगारवाल्याला एवढंच म्हणालो, "हा टॅब राहू दे, बाकीचं घेऊन जा." माणूस रोज असे पन्नास निर्णय घेतो. आज दाढी नको, भरताची वांगी आणा, टॅब राहू दे. त्यातल्या एकोणपन्नासांचं पुढे काहीही होत नाही. या पन्नासाव्याचं काय झालं, ते सांगतो.

हा टॅब लॉकडाऊनमध्ये लेकीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. लेक आता पुण्याला इंजिनिअरिंग करते आणि टॅब इथे जळगावात, पिंप्राळ्याला, आमच्या कपाटात पडून असतो. त्याची बॅटरी पार गेली होती. चार्जर लावलेला असला तर चालायचा, काढला की त्याच क्षणी डोळे मिटायचा. (आमच्या घरात असाच चालणारा आणखी एक प्राणी आहे, फक्त त्याला चार्जरऐवजी चहा लागतो, असं पुनम म्हणते. पुनम म्हणजे माझी बायको.)

"राहू दे म्हणजे? काय करणार तुम्ही त्याचं?" पुनमने विचारलं.

"त्याचा प्रोसेसर करणार. गिटारसाठी."

हे मी बोललो आणि माझं मलाच नवल वाटलं. त्याचं असं होतं की आदल्या दिवशी मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एका माणसाने गिटारची वायर एका छोट्या डबीत घातली, डबी टॅबला जोडली, एक अ‍ॅप उघडलं आणि त्या साध्या गिटारमधून असा काही आवाज काढला की आमच्या कॉलनीतली कुत्री सहा महिने गप्प बसली असती. पूर्वी त्यासाठी पेटीभर यंत्रं लागायची, म्हणे. आता टॅब पुरतो.

माझ्याकडे गिटार होती. अमळनेरला कॉलेजात असताना घेतलेली. लग्नाला बावीस वर्षं झाली, तेवढीच वर्षं ती जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर झोपलेली होती. मी जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये डिस्पॅच क्लार्क आहे. एकोणीस वर्षं माइकवरून ट्रकचे नंबर पुकारतो. मिलमध्ये माझा आवाज सगळ्यांना पाठ आहे, पण त्या आवाजात मी नंबर सोडून आजवर काही बोललेलो नाही. त्यामुळे कपाटावर ती गिटार आहे, एवढ्यानेच मला बरं वाटायचं. आपण नुसते डिस्पॅच क्लार्क नाही, असं वाटायचं.

पुनमला मात्र कपाटावरची ती जागा पाहुण्यांच्या गाद्यांसाठी हवी होती. ती शाळेत गणित शिकवते. त्यामुळे भांडण न करता तिने थेट अटी मांडल्या.

"एक गाणं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. चार लोकांसमोर. जमलं तर गिटार राहील, मी परत कधी नाव काढणार नाही. नाही जमलं तर टॅब आणि गिटार दोन्ही भंगारात. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

चार लोक शोधायला लागलेच नाहीत. आमच्या मिलला पन्नास वर्षं होत होती. शेठ हीरालालजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांचा नातू श्रेयांस पुण्याहून एमबीए करून आलेला, तो कार्यक्रमाची यादी करत होता. सोमवारी मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने सातव्या नंबरवर लिहिलं, 'प्रेमराजभाऊ, गिटार.' मी म्हणालो, "पुढे इलेक्ट्रिक लिहा." त्याने तेही लिहिलं. माझ्या हातात पाच आठवडे होते.

डबी आली, वायर आली, गिटारला चिकटवायचं, तारांचा आवाज पकडणारं पिकअप आलं. मी हॉलमध्ये सतरंजी टाकली, सगळं जोडलं, टॅबला चार्जर लावला, टीव्हीजवळचा जुना स्पीकर लावला आणि अ‍ॅपमधलं आवाज जाड आणि भरदार करणारं 'डिस्टॉर्शन' चालू केलं. स्पीकरमधून आवाज आला: घूंऽऽऽ.

मी अजून तारेला हातही लावला नव्हता.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "पुनम, जवाईसले इचार, पिठनी गिरणी आणी का काय?"

आता सासूबाईंची ओळख करून दिली पाहिजे. झुंबरबाई, राहणार कापडणे, धुळ्याजवळ, बोली अहिराणी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्या जुन्या वळणाच्या. आमच्याकडच्या जुन्या बायका जावयाचा मान फार ठेवतात. जावयाशी थेट बोलत नाहीत, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत आणि जावई उभा असताना खाली बसत नाहीत. बावीस वर्षांत त्या माझ्याशी एक शब्दही बोललेल्या नाहीत. जे सांगायचं ते पुनमला सांगतात. पुनम शाळेत गेली असेल तर समोर जी वस्तू असेल तिला सांगतात. एकदा त्यांनी फ्रिजला सांगितलं होतं, "जवाईसले सांग, चहा थंडा व्हई ऱ्हायना." (अहिराणीत 'ऱ्हायना' म्हणजे 'राहिलाय', नकार नव्हे.) फ्रिजने सांगितलं नाही, पण मी ऐकलं होतं.

तर ती घूं. पुढचा आठवडा मी तिच्या मागे लागलो. फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, शेजाऱ्यांच्या दारात जाऊन बोअरची मोटर पाच मिनिटं बंद ठेवायची विनंती केली. (ते म्हणाले, टाकी भरली की आपोआप बंद होते. टाकी भरली, मोटर बंद झाली, घूं चालूच.) शेवटी मी घराचा मेन स्विच पाडला. घूं थांबली. पण चार्जर बंद म्हणून टॅबही गेला आणि टॅब गेला म्हणून गिटारही गेली. अंधारात मी विजयी मुद्रेने बसलो होतो. पुनम म्हणाली, "आता वाजवा."

अ‍ॅपमध्ये 'नॉईज गेट' नावाचं एक बटण होतं. नको असलेला आवाज ते बाहेरच्या बाहेर अडवतं. ते लावलं आणि घूं खरोखर गेली. मी आनंदाने माझी धून वाजवली, कॉलेजात मीच बसवलेली, चार मिनिटांची. स्पीकरमधून काहीच आलं नाही. त्या यंत्राच्या मते माझं वाजवणंही नको असलेल्या आवाजातच मोडत होतं.

मग मी मिलमधल्या तोतारामला घरी घेऊन आलो. तोताराम आमचा मोटर मेकॅनिक. मिलमधली प्रत्येक मोटर तो नुसत्या आवाजावरून ओळखतो. त्याने दहा मिनिटं घूं ऐकली, प्लग उपसून पाहिला आणि निदान केलं.

"प्रेमराजभो, तुमच्या घराला अर्थिंगच नाही. तीन पिनांमधली तिसरी पिन नुसती शोभेला आहे. त्यात हा चार्जर टुकार."

"मग?"

त्याने डबीच्या धातूच्या कडेवर बोट टेकवलं. घूं अर्धी झाली. "माझ्या पायात बूट आहेत म्हणून अर्धीच गेली. जमिनीला नीट टेकलेला माणूस इथे हात लावून बसला तर पूर्ण जाईल."

"आणि अर्थिंगचा खड्डा खणला तर?"

"घरमालकाला विचारा."

घरमालक म्हणाले, "फरशीला टिकाव लागला तर मी तुम्हाला लावीन."

म्हणजे माणूसच हवा होता. पुनमला विचारलं. तिची टाच दुखते म्हणून ती घरातही जाड चपला घालते. "चपला काढून, फरशीवर पाय टेकून, तुमची डबी धरून मी रोज तासभर बसू? आणि वह्या कोण तपासणार, गिटार?" ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही.

मग मी स्वतःच अर्थिंग व्हायचं ठरवलं. डबीला एक वायर लावली आणि दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलं. घूं गेली. पण वाजवायला लागलो की माझा पाय आपोआप ताल धरायचा आणि वायर सुटायची. उजवा पाय थांबवला की डावा सुरू. (कलाकाराचे पाय त्याच्या ताब्यात नसतात, हे मी पुनमला समजावून सांगितलं. ती म्हणाली, हात असतात का?) उपाय म्हणून मी दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत ठेवले. पाण्यात पाय हलत नाही. अंगठ्याला वायर, मांडीवर गिटार, शेजारी चार्जर, अशा अवस्थेत मी ध्यान लावून बसलो असताना पुनम शाळेतून आली. तिने दारातूनच एक नजर टाकली, चप्पलही न काढता आत आली आणि मेन स्विच पाडला.

"मला विधवा व्हायची हौस नाही," ती म्हणाली. "गिटार भंगारात गेली तर मला दुसरी आणता येईल. बादली उचला."

तीन आठवडे उरले होते. खरं सांगतो, मी मनातून खचलो होतो. कपाटावर गाद्या दिसायला लागल्या होत्या. पण माघार घेतली असती तर मी माइकवरच्या नंबरांपुरताच उरलो असतो, आणि ते मला नको होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सतरंजी टाकली. घूं तर घूं, तिच्यासकट सराव करू म्हटलं.

पुनम शाळेत होती. सासूबाई अंघोळ करून देवाकडे निघाल्या होत्या. वाटेत मी बसलेला, म्हणून त्या डोळ्यांवरच्या काळ्या चष्म्यापर्यंत पदर ओढून, भिंतीला धरून, ओल्या पावलांनी अंदाजाने चालत होत्या. त्यांच्या पायात चांदीची कडी आहेत, एकेक बोटाएवढं जाड. चालताना त्यातलं एक कडं सतरंजीच्या कडेला पडलेल्या डबीला टेकलं.

घूं थांबली. नुसती कमी झाली नाही, पूर्ण थांबली. स्पीकरमध्ये इतकी शांतता झाली की मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.

"थांबा," मी म्हणालो.

बावीस वर्षांत जावयाने पहिल्यांदा काहीतरी सांगितलं होतं. सासूबाई जागच्या जागी थांबल्या. एक पाय पुढे, एक मागे, हातात फुलांची परडी. मी सुरुवातीपासून धून वाजवायला घेतली. डिस्टॉर्शन पूर्ण लावलेलं. आवाज असा स्वच्छ, असा भरदार आला की माझ्याच अंगावर काटा आला. पूर्ण चार मिनिटं वाजवली. वाजवून झाल्यावर वर पाहिलं तर सासूबाई अजून तशाच. मग त्या हळूच देव्हाऱ्याला म्हणाल्या, "देवा, जवाईसले इचार, मी आते जाऊ का?"

तोतारामला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "पायात चांदी, पाय ओले, खाली शहाबादी फरशी, फरशीखाली जमीन. भो, याहून चांगलं अर्थिंग बठ्ठ्या जिल्ह्यात नाही शे."

संध्याकाळी हे सगळं पुनमकरवी सासूबाईंना विचारण्यात आलं. मला वाटलं होतं नकार येईल. स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "जवाईनं काम शे. मनं काय जास? धरीसन बठसू."

त्या दिवसापासून आमचा सराव सुरू झाला. मी हॉलमध्ये, सासूबाई स्वयंपाकघरात, मध्ये दाराचा पडदा. पडद्याखालून वायर जायची आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने त्यांच्या कड्याला लावलेली असायची. फरशीवर तांब्याभर पाणी. त्या तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या आणि एकदा बसल्या की पाय हलायचा नाही. मी अर्थिंग पुष्कळ पाहिली नाहीत, पण इतकं मनापासून केलेलं अर्थिंग दुसरं नसेल.

तिसऱ्या दिवशी पुनम निरोप घेऊन आली. "आई म्हणतेय, मधल्या कडव्यात घाई करतात."

मी दुखावलो. पण तपासून पाहिलं, तर खरंच घाई होत होती. मग रोज निरोप येऊ लागले. पुनम नसेल तर पातेल्याला, कुकरला. "कुकरबाई, जवाईसले सांग, आज बरं व्हतं. शेवट फक्त उरकी टाका." म्हणजे शेवट मी उरकून टाकला होता. (कुकरने कधी शिट्टी देऊन दुजोरा दिला की मला जास्त लागायचं.) पण मी सुधारत गेलो, हे नक्की. दोन आठवड्यांत मी ती धून अशी वाजवू लागलो की पुनम एकदा वह्या तपासता तपासता थांबली. त्या एका थांबण्यावर मी चार दिवस खूश होतो.

कार्यक्रम मिलच्या आवारात, संध्याकाळी पाच वाजता. वरण-बट्टीच्या पंगतीची तयारी एका बाजूला, खुर्च्या एका बाजूला आणि मधोमध लाकडी स्टेज. वीज मंडपवाल्याच्या जनरेटरची. स्टेजच्या पाठीमागे हीरालालशेठचा भला मोठा फ्लेक्स होता, जॅकेट घातलेला, हात जोडलेला. तोताराम म्हणाला, आवारात लोखंडी खुंटी ठोकून बघू. ठोकली. घूं थोडी कमी झाली, पण माझं समाधान झालं नाही. तीन आठवडे सासूबाईंची सवय लागल्यावर खुंटीवर कोण विश्वास ठेवणार?

सासूबाई स्टेजवर यायला तयार नव्हत्या. जावयाच्या बरोबरीने, आणि तेही शंभर लोकांसमोर? म्हणून त्यांची जागा फ्लेक्सच्या मागे, खाली आवारातल्या मातीत केली. माती ओली केली, त्यावर पाय, बसायला पोतं. वायर आत न्यायला आम्ही शेठच्या जॅकेटच्या खालच्या बटणात एक छोटं भोक पाडलं. कोणाला दिसलं नाही. फ्लेक्स स्टेजपासून हातभर वर बांधलेला होता. त्या फटीतून सासूबाईंना माझे पाय दिसत होते, एवढी एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

सातवा नंबर आला. श्रेयांसने माझं नाव पुकारलं. नेहमी मी पुकारतो, आज कोणीतरी मला पुकारलं. मी स्टेजवर मांडी घालून बसलो, टॅब स्टुलावर ठेवला, डिस्टॉर्शन लावलं. मागून शांतता. समोर तिसऱ्या रांगेत पुनम.

पहिली दोन मिनिटं मी आयुष्यात वाजवलं नव्हतं इतकं चांगलं वाजवलं. हमाल लोकांनी बिड्या खाली केल्या. पुढच्या रांगेत शेठच्या पत्नी सायरबाई मान हलवत होत्या. पुनम खुर्चीत पुढे सरकून बसली. मधलं कडवं आलं. घाई अजिबात नाही. आणि मला काय झालं कोण जाणे, व्हिडिओतला तो माणूस आठवला, तो या जागी उभा राहून वाजवत होता. मी उभा राहिलो.

जावई उभे राहिले, म्हणून फ्लेक्सच्या मागे सासूबाईही उभ्या राहिल्या.

त्या उठल्या तसा कड्याचा चिमटा निसटला आणि मिलच्या चारही मोठ्या स्पीकरमधून घूंऽऽऽ बाहेर पडली. घरच्या स्पीकरवर ती पिठाच्या गिरणीएवढी होती. इथे ती तीस ट्रक एकदम चालू केल्यासारखी आली. गिटार त्यात बुडून गेली.

मी वाजवता वाजवता मान मागे वळवली. "आई, बसा."

फ्लेक्सच्या मागून आवाज आला, आणि शेजारच्या माइकने तो नीट पकडला. समोर फ्लेक्सवर शेठच होते, म्हणून सासूबाईंनी निरोप त्यांच्याकडेच दिला. "शेठजी, जवाईसले सांगा, जवाई उभा ऱ्हायनात, मी कशी बठू?"

शेठच्या फोटोतून बाईचा आवाज आल्यावर लोक जे हसले ते मी लिहीत नाही. मी खाली बसलो. सासूबाईही बसल्या असाव्यात, कारण त्या "चिमटा कोठे गया" असं पोत्याला विचारत होत्या. पण डोळ्यावर काळा चष्मा, चिखलात हरवलेला चिमटा. तो काही सापडला नाही. घूं चालूच राहिली.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने वायर काढली असती. मी काढली नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, असं ठरलं होतं. अर्धी धून बाकी होती. मी दात-ओठ खाऊन ती पूर्ण वाजवली, एकही सूर न सोडता. मला स्वतःलाही ऐकू येत नव्हती, बोटांच्या अंदाजाने वाजवत होतो. शेवटचा सूर वाजवला आणि मान खाली घालून टॅब बंद करायला हात पुढे केला.

"बंद करू नको."

हीरालालशेठ खुर्चीतून उठले होते. श्रेयांस त्यांना धरायला धावला, पण ते त्याचा हात बाजूला करून स्टेजच्या पायऱ्या चढले. माझ्या शेजारी उभे राहिले, डोळे मिटले आणि ती घूं ऐकत राहिले. मला वाटलं, मिलच्या पन्नास वर्षांचा सत्यानाश केल्याबद्दल आता शेठ मला काय बोलतात ते बघायचं. त्यांनी माइक हातात घेतला.

"ही आपली पहिली मोटर," ते म्हणाले.

त्यांनी स्पीकरकडे बोट दाखवलं.

"शेड पत्र्याचं होतं. मोटर जुनी, कुठून कुठून आणलेली. मी आणि सायरबाई मिलमध्येच झोपायचो. मोटर बंद पडली की झोप मोडायची. हा आवाज चालू असला की वाटायचं, चला, घर चालू आहे. ती मोटर जाऊन तीस वर्षं झाली. मला वाटलं होतं, हा आवाज आता ऐकायला मिळणार नाही." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "सायर, तीच ना?"

"तीच," सायरबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या. त्याही रडत होत्या.

पाठीमागे दोन म्हातारे हमाल उठून उभे राहिले. मग सगळेच उभे राहिले. तोताराम मोटरी आवाजावरून ओळखणारा माणूस, तोही मान डोलावत होता. टाळ्या अशा झाल्या की त्यात घूंसुद्धा ऐकू येईना. शेठने माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा या आवारात लोक माझ्यासाठी उभे होते, असं मला त्या क्षणी वाटत होतं.

"प्रेमराज," शेठ प्रेमाने म्हणाले, "परत एकदा ऐकव. फक्त मध्ये मध्ये ते टणटण येत होतं ना, तेवढं या वेळी नको."

मग पाच मिनिटं सगळ्या मिलने हात जोडून घूं ऐकली. मी मांडीवर गिटार घेऊन, दोन्ही हात वर धरून बसलो होतो, चुकून तारेला लागू नयेत म्हणून. शाल आणि श्रीफळ मला मिळालं. फ्लेक्सच्या मागे अर्थिंगला काहीच मिळालं नाही, तिथे चिमट्याचा शोध चालू होता.

घरी जाताना पुनम स्कूटरवर माझ्यामागे बसली होती. ती म्हणाली, "शेवटपर्यंत वाजवलं, हे मी मान्य करते. पण ऐकू आलं नाही, हे तुम्हीही मान्य करा. ऐकू न आलेलं गाणं गाणं धरायचं का, याचा विचार करावा लागेल."

घरी सासूबाईंनी पायाचा चिखल धुतला आणि आतून निरोप पाठवला. "पुनम, जवाईसले सांग, शेवट आज बराबर वाजना. माले ऐकू उना."

"शेवट बरोबर वाजला म्हणे, आणि हिला ऐकूही आला. साक्षीदार एकच," पुनम म्हणाली, "आणि तोही जावयाच्या बाजूचा." पण हसली. मला त्या शंभर लोकांच्या टाळ्यांपेक्षा ते जास्त गोड लागलं, हे खोटं सांगत नाही.

निकाल लागायच्या आधीच दुसऱ्या दिवशी सकाळी मिलचा टेम्पो दारात आला. श्रेयांस स्वतः आला होता. "आजोबांना ते पेढीवर हवंय," तो म्हणाला. "गिटार, टॅब, चार्जर, सगळं. चार्जर तोच हवा." मी काही म्हणायच्या आत पुनमने सगळं चादरीत नीट गुंडाळून दिलं. टेम्पो वळणावर गेला नव्हता तोवर कपाटावर गाद्या चढल्या होत्या.

तर माझी गिटार भंगारात गेली नाही. शेठच्या पेढीवर काचेच्या कपाटाशेजारी तिला लाल मखमलीवर उभी केली आहे. रोज सकाळी पूजा झाली की शेठ टॅब चालू करतात, डिस्टॉर्शन पूर्ण लावतात आणि डोळे मिटून पाच मिनिटं पहिली मोटर ऐकतात. एकदा मला राहवलं नाही. मी आत गेलो आणि हळूच एका तारेला बोट लावलं, दुसरा हात आधाराला डबीच्या कडेवर. पण पेढीवर चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आत नुकतीच फरशी पुसलेली होती. घूं एकदम बंद झाली. शेठने दचकून डोळे उघडले. त्यांना वाटलं, मोटर जळाली.

त्यानंतर श्रेयांसने गिटारच्या वर एक पितळी पाटी बसवून घेतली. त्या पाटीवर माझं नाव आहे, हे मी पाहुण्यारावळ्यांना आवर्जून सांगतो. पूर्ण मजकूर मात्र सांगत नाही. तो असा आहे: 'या वाद्यास कोणीही हात लावू नये. प्रेमराजभाऊंनी तर मुळीच नाही.'